वेचणीतली गैरहजेरी

"मास्तर नाहीत बाई. भाइर गेले," असं नत्थुजी शिपाई ओसरीवर कोणाला तरी सांगत होता, आणि मास्तर तर आतच होते. अर्धवट लोटलेल्या दाराआड, बैठकीवर मांडी घालून, महादेवराव हेडमास्तर बोरूचं टोक तासत बसले होते. चाकू हातात तसाच राहिला. बाहेरून बाईचा आवाज आला, "कधी येतीन?" नत्थुजी म्हणाला, "थे काही सांगता येत नाही. साहेबाची परीक्षा हाये, मास्तरले लय कामं असतेत." बाई उभी असावी. मग जोडव्यांचा आवाज ओसरीच्या पायऱ्या उतरला, अंगणातल्या निंबापाशी जरासा थबकला, आणि अकोल्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांचा जो खडखडाट दिवसभर चाललेला असे, त्यात मिसळून गेला. एवढंच झालं. म्हटलं तर काहीच झालं नाही. हेडमास्तराच्या वेळेला काही किंमत असते, आल्यागेल्याशी बोलत बसलं तर शाळा चालवायची कधी, आणि शिपाई ठेवायचा तो कशासाठी? पण महादेवरावांनी चाकू खाली ठेवला. कारण हे वाक्य त्यांनी नत्थुजीला कधी शिकवलं नव्हतं. वाक्य त्यांचंच होतं, पण ते अमरावतीचं. तीन वर्षांपूर्वी, कापसाच्याच दिवसांत, तिथल्या शाळेच्या शिपायाच्या तोंडात ते त्यांनी स्वतः घातलं होतं. बदली झाली तेव्हा भांडीकुंडी, पोथ्या, देव्हारा, सगळं मोजून गाडीत चढवलं होतं. हे वाक्य मागेच राहिलं अशी त्यांची समजूत होती. ते न बोलावता मागोमाग चालत आलं होतं.

त्यांनी नत्थुजीला आत हाक मारली. नत्थुजी वयानं मोठा, मिशा पांढऱ्या झालेला, शाळेचं दार म्हणजे किल्ल्याचा दरवाजा असल्यासारखा तिथं बसणारा. "कोण होतं?" त्यांनी विचारलं. "पार्बताबाई. थो भगवंता नाही काय दुसरीतला, त्याची माय. पोट्टं वेचणीले गेलं. म्हणे, नाव काढू नोका म्हणा, मास्तरले इचारायचं हाये." महादेवराव म्हणाले, "मग मी नाही असं का सांगितलंत?" नत्थुजीला प्रश्नच कळला नाही. "आता घ्या! तुमीच तं म्हणता, परीक्षा झाल्याबिगर कोणाले आत सोडू नोका. मास्तर हायेत पण भेटत नाहीत म्हटलं, तं बाईले वाईट वाटते. नाहीत म्हटलं, तं कोणाचंच काही जात नाही." खोटं बोललात म्हणून रागवायचं, तर रागवायला तोंड पाहिजे. "बरं, जा," असं म्हणून त्यांनी बोरू पुन्हा तासायला घेतला, आणि तो इतका तासला की टोकाचा कुंचला झाला.

खरं तर तो बोरू पटावरची नावं काढण्यासाठीच तासला जात होता. परीक्षेला आठवडा राहिला होता. शाळा तपासणारा साहेब येणार, पटावरची मुलं मोजणार, समोर बसलेली मोजणार, एकेकाला उभं करून वाचायला लावणार, आणि त्यावर शाळा चांगली की वाईट ते ठरणार. भगवंता पटावर राहिला आणि साहेबासमोर नसला तर डाग. त्याला वेचणीतून ओढून आणून बसवला तरी डागच. महिनाभर ज्या हाताला पाटी लागली नाही तो हात अंगठा उठवणाऱ्यासारखाच. नाव काढून टाकलं की दोन्ही कटकटी मिटल्या. आणि एकदा काढलेलं नाव त्या वर्षात परत घ्यायचं नाही, कारण इयत्ता पुढं गेलेली असते, एकासाठी सगळ्यांनी का थांबायचं, असा महादेवरावांचा नियम होता. नियम त्यांनी अमरावतीला केला आणि अकोल्याला आणला. मागच्या भिंतीला टेकून कुणब्यामाळ्यांची पोरं बसत. कार्तिक सरला, बोंडं फुटली, की एकेक करत ती भिंत रिकामी होई, आणि परीक्षेच्या दिवशी तिच्यावर नुसते तेलकट डोक्यांचे डाग असत. साहेबाला ते कधी दिसले नाहीत. त्यानं भिंत कशाला पाहायची? तो मुलं पाहायला आलेला.

दुपारी पहिलीचा वर्ग एका सुरात बाराखडी घोकू लागला, आणि त्या सुरात महादेवरावांना झोप यावी तशी अमरावती आली. तिथं ते पहिल्यांदा आले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. वाईचा घाट, कृष्णेचं पाणी, पहाटेची स्नानं, हे सोडून या काळ्या मातीत आले, जिथं पावसात चिखल पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पाय गिळतात. आले तेच नेमके त्या वेड्या वर्षांत. तिकडे अमेरिकेत गोरे आपापसात लढत होते, तिथला कापूस बंद झाला होता, आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाचे तंतू उडत, निंबाच्या फांद्यांना लटकत, जेवताना भातात सापडत. मुंबईचे दलाल, मारवाडी, कच्छी, कोण कोण गल्लीबोळांतून हिंडत. काल अनवाणी असलेला माणूस आज जरीचा रुमाल बांधून येई. लोक म्हणत, कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. पाहिल्या मात्र कोणीच नव्हत्या. मास्तरकीला कोण विचारतो? एका पाटलानं तर तोंडावर म्हटलं होतं, "मास्तर, काहून जीव काढून राहिले? पोट्टे वेचणीले पाठवा, तुमी बी या." सगळे हसले होते. महादेवरावही हसले, पण ते हसू घशात हाडासारखं राहिलं. माणसाचे मोठे निर्णय पुष्कळदा असल्या हाडापासूनच सुरू होतात, आणि मग तो त्यांना तत्त्व म्हणतो.

त्यांच्या आधीचा हेडमास्तर वेचणीची सुट्टी देत असे. महादेवरावांनी ती बंद केली. शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे, वाटेल तेव्हा यावं, वाटेल तेव्हा जावं! असली धर्मशाळा त्यांनी पाहिली होती. गावात एक म्हातारे पंतोजी देवळाच्या ओवरीत पोरं जमवून बसत, ती गंमत बघायला ते एकदा मुद्दाम गेले होते. ना इयत्ता, ना वेळ. एक पोर धुळीत 'ग' गिरवतंय, शेजारचं पावकी म्हणतंय, तिसरं झोपलंय. तेवढ्यात एक पोरगा आला. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, केसांत कापूस. पंतोजींनी मानही वर केली नाही. "कुठी होता?" "वेचणीले." "दीडकी कुठवर आलती?" पोरानं डोळे मिटले, जरा वेळ गेला, मग म्हणाला, "बारा दीड अठरा." "म्हण पुढं." आणि पोर पुढं म्हणू लागलं, तेरा दीड साडेएकोणीस, जणू काल संध्याकाळीच उठून गेलं होतं. ज्याचा धडा ज्याचा त्याच्यापाशी. वेचणीला गेला तर धडाही त्याच्याबरोबर वेचणीला गेला, आणि त्याच्याबरोबर परत आला. महादेवरावांनी त्या दिवशी शाळेत येऊन पंतोजींची नक्कल केली होती, "कुठी होता? म्हण पुढं!" दुय्यम मास्तर पोट धरून हसले होते. आज पहिलीच्या बाराखडीत बसून त्यांना ती नक्कल आठवली आणि कानशिलं तापली. सरकारी शाळा झाल्यावर ओवरीतली पोरं हळूहळू तिकडे आली, पंतोजी पोरांवाचून बसले, आणि एका उन्हाळ्यात ती ओवरी झाडून कोणीतरी तिथं सरकी भरून ठेवली. म्हणजे आपल्या शाळेतून ज्याचं नाव गेलं त्याला परत जायला ओवरीही उरलेली नव्हती. हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही, असं ते स्वतःला पुष्कळदा सांगत. पण ते रोज त्याच देवळावरून शाळेला जात होते.

नियमानं शाळा कशी लख्ख झाली! वेचणीला गेलेल्यांची नावं गेली. उरली ती कारकुनांची, दुकानदारांची, दोन-तीन पाटलांची मुलं. मोजकी, स्वच्छ, वेळेवर येणारी. त्यांना त्यांनी जीव तोडून शिकवलं, हे कोणी नाकारू नये. परीक्षेला एकही मुलगा अडखळला नाही. साहेबानं सगळ्यांदेखत त्यांचा हात हातात घेतला, म्हणाला, साऱ्या वऱ्हाडात अशी शाळा नाही. वर्षाच्या आत अकोल्याची मोठी जागा मिळाली. त्या मुलांतली कितीतरी आज कचेऱ्यांत आहेत, एक तर आगगाडीच्या तारखात्यात बसतो, भेटला की पाया पडतो. मग वाईट कुठं झालं? पोरं शिकली ना? असं ते स्वतःशी भांडत, आणि भांडणात दरवेळी एका जागी येऊन गप्प होत. त्या पोरांच्या घरी बाप लिहिणारे, चुलते लिहिणारे, आजे लिहिणारे. मास्तराच्या जागी म्हैस बांधली असती तरी ती पास झाली असती. ज्यांना मास्तरावाचून कोणी नव्हतं, तेवढी नेमकी महादेवरावांनी निवडून बाहेर काढली होती, आणि मग उरलेल्यांच्या यशाचा शेला स्वतःच्या खांद्यावर घेतला होता.

आणि शेषराव. हे नाव मनात आलं की ते उठून काहीतरी काम काढत. आताही ते उठले, पहिलीतून फिरले, एकाची पाटी सरळ केली, एकाला उगीच टपली मारली. पण ते पोर काही डोळ्यांपुढून हलेना. भातकुलीचं, अमरावतीत मामाकडे राहणारं, काळंसावळं, पुढचे दोन दात जरा मोठे. बाकीची मुलं धडा गाण्यासारखा म्हणत, अर्थाशी देणंघेणं नाही. शेषराव वाचायचा ते कोणी बातमी सांगतंय असं. मध्येच थांबून विचारायचा. पुस्तकात कापसावर धडा होता, तो वाचता वाचता म्हणाला, "मास्तर, ज्यानं हे लेहेलं त्यानं पऱ्हाटी पाहेली होती काय? फुलाचा रंग तं चुकला." वर्ग हसला. महादेवरावांनी दटावलं, पण घरी जाताना वाटभर त्यांना हसू येत होतं, आणि हसण्याबरोबर एक सुखही होतं, जे मास्तराला दहा वर्षांत एखाद्या वेळेला मिळतं. की हा वाचतो. हा खरोखर वाचतो! कार्तिकात तो येऊन उभा राहिला, म्हणाला, "मास्तर, वेचणीले जातो. माही जागा राखजा." आणि महादेवराव, ज्यांनी नियम केला होता तेच महादेवराव, म्हणाले, "ये लवकर." राखतो म्हणाले नाहीत. पण 'ये' म्हणाले. पोरवयाला त्यातला फरक कळत नाही, आणि त्यांना तो कळत होता. पंधरवडा गेला, बाकीच्यांबरोबर त्याचंही नाव गेलं. एकासाठी नियम मोडला तर नियम कसला, असं त्यांनी दुय्यम मास्तरांना सांगितलं. दुय्यम मास्तर म्हणाले, बरोबर आहे. ते नेहमीच बरोबर आहे म्हणत.

वेचणी आटोपल्यावर सत्यभामा, त्याची आई, त्याला घेऊन आली. भातकुलीहून पायी. महादेवरावांनी खिडकीच्या गजांतून दोघांना फाटकातून येताना पाहिलं. पोरानं धुतलेली बंडी घातली होती, डोक्याला तेल, काखेत पाटी. आईच्या हातात फडक्यात बांधलेलं काही. परीक्षा तोंडावर होती. महादेवराव शिपायाला म्हणाले, "मी नाही म्हणून सांग. बाहेर गेलेत म्हण." त्यांचं काळीज दगडाचं होतं असं नव्हे. दगडाचं असतं तर बाहेर जाऊन त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, बाई, नाव गेलं, जागा नाही. ते त्यांच्यानं झालं नसतं. पोरानं नुसतं वर पाहिलं असतं तर नियम तिथंच वितळला असता, आणि साहेबापुढं एक अडखळणारं पोर उभं राहिलं असतं. म्हणून ते भिंतीला टेकून, श्वाससुद्धा हळू घेत, स्वतःच्याच शाळेत चोरासारखे बसून राहिले. ती दोघं गेली नाहीत. झाडाखाली बसली, मास्तर येतील म्हणून. शाळा सुटेपर्यंत बसली. आणि मधल्या वेळात आत वर्ग मोठ्यानं धडा म्हणू लागला, तेव्हा अंगणातून एक बारीक आवाज त्याच्यात मिसळला. पुढचा धडा होता, त्याला न झालेला. त्यामुळं तो अर्धा शब्द मागे राहून, वर्गाचं ऐकून, मागोमाग म्हणत होता. महादेवरावांनी तो आवाज ओळखला. वर्ग संपला तरी तो एक ओळ पुढं म्हणत राहिला, मग थांबला. संध्याकाळी सगळं सामसूम झाल्यावर त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, उन्हानं तापलेल्या जोड्यात पाय सरकवले आणि मागच्या वाटेनं घरी गेले.

आज अकोल्याच्या घरी ते दिवेलागणीला पोचले. दुर्गाबाईंनी पान वाढलं. तुरीच्या शेंगा आल्या होत्या बाजारात, मीठ घालून उकडलेल्या, वाफ निघत होती. महादेवरावांनी एक सोलली आणि दाणा बोटांत धरून बसले. "का हो, कडू आहे का?" दुर्गाबाईंनी विचारलं. "अमरावतीच्या शेंगा आठवतात तुला?" "न आठवायला काय झालं! ती भातकुलीची बाई दारात ठेवून गेली होती, पोराला घेऊन आली होती ती. केवढं गाठोडं! चार दिवस खाल्ल्या आपण. तुम्हीच म्हणाला होता, अशा शेंगा देशावर मिळायच्या नाहीत." त्या हसल्या, मग हसता हसता थांबल्या, कारण नवऱ्याचा चेहरा त्यांना दिसला. "त्या पोराचं पुढं काय झालं हो? हुशार होता म्हणायचात तुम्ही." "माहीत नाही," महादेवराव म्हणाले. हे मात्र खरं होतं. त्याच्या हुशारीचं पुढं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या घरच्या शेंगा मात्र बोटं चाटून खाल्ल्या होत्या. दाणा त्यांच्या तोंडात जाईना. "मी रविवारी भातकुलीला जाऊन येतो," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच नवल वाटलं. दुर्गाबाई म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आणि भातकुली कशाला?" मग त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "या जाऊन."

बडनेऱ्यापर्यंत आगगाडीनं आणि तिथून पुढं बैलांच्या दमणीनं ते निघाले. गाडीत माणसं अजून इंजिनाला हात जोडत होती. महादेवराव खिडकीशी बसून मनात बोलणं जुळवत होते. शेषराव काय, आता मोठा झाला असेल. त्याला म्हणावं, झालं गेलं विसर, अकोल्याला चल, माझ्या घरी राहा, एका वर्षात तुला पुढच्या इयत्तेत बसवतो. म्हणजे पाप फिटलं. पाप फिटलं की मन मोकळं, आणि मोकळ्या मनानं सोमवारी भगवंताचं नाव काढता येईल! हा विचार इतक्या सहज आला की ते स्वतःच दचकले. काही माणसं देवाला नारळ फोडून चोरीला निघतात, तसं हे झालं. त्यांनी बाहेर पाहिलं. दोन्ही अंगांना काळी जमीन, तिच्यावर पांढरी बोंडं, आणि ओळींत वाकलेल्या बायका-पोरांच्या पाठी. मास्तरांना त्या पाठी शाळेच्या भिंतीइतक्याच ओळखीच्या वाटल्या. अमरावतीत शिरायची छाती झाली नाही. दमणी त्यांनी बाहेरच्या बाहेर वळवून घेतली.

शेत सापडायला वेळ लागला नाही. गावात नाव सांगितलं तर एका म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. सत्यभामा ओळीत होती, कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओटीसकट पळत आली. "अगो माय! मास्तर? तुमी? अठी?" तिला आनंद झाला होता, आणि तो लपत नव्हता. एवढा आनंद होईल असं महादेवरावांना वाटलं नव्हतं; जुळवलेलं बोलणं तिथंच विस्कटलं. तिनं शेतातल्या खोपडीशी घोंगडी टाकली, गूळ आणि पाणी आणलं. शेषराव मागून आला. उंच झालेला, मिसरूड फुटत असलेलं, तेच पुढचे दोन दात. पाया पडला. महादेवरावांनी जोडे काढले आणि घोंगडीवर बसले. लढाई सरली मास्तर, भाव बसला, सत्यभामा सांगत होती, पण पोटापुरतं हाये, देवाची किरपा हाये. ते मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "शेषराव, वाचतोस का रे काही?" तो हसला, मान खाजवली. "अक्षरं वयखतो मास्तर. पण आता एकमेकाले चिकटत नाहीत. 'क' दिसते, 'म' दिसते, 'ळ' दिसते, पण कमळ काही दिसत नाही. थोडंसं अजून झालं असतं तं चिकटले असते." तक्रार म्हणून नाही, चाकाचा आरा निखळला हे सांगावं तसं तो सांगत होता. महादेवरावांना वाटलं, याच्या पुढं बसून इथंच, या ढेकळांत बोटानं गिरवायला लावावं. पण त्यांचं बोट उचललं नाही.

शेषराव त्यांच्या जोड्यांकडे पाहत होता. लाल, पुणेरी, चोचीचे. त्यानं एक उचलून धूळ झटकली. "हे थेच हायेत काय मास्तर?"

"कुठले?"

"अमरावतीचे. आमी आलतो तवा दाराशी होते नं, थे."

महादेवरावांना आधी कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि गुळाचा खडा हातातच राहिला. शेषराव आपल्याच नादात, मौजेनं सांगत होता, "शिपाई म्हणे मास्तर भाइर गेले. मी मायले म्हटलं, वा, भाइर कसे गेले? जोडे तं अठीच हायेत. मास्तर आतच हायेत. माय म्हणे, चूप बस. मास्तरलोकाले लय घाई असते, अनवाणीच गेले असतीन. मी मंग किती दिवस समजत होतो मास्तर, का तुमी बी आमच्यावाणी अनवाणी फिरता."

"काय जुनं काढतं बावा," सत्यभामा म्हणाली, आणि पदर पुढं ओढून दुसरीकडे पाहू लागली. तेवढ्यावरून महादेवरावांना सगळं समजलं. ती त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत झाडाखाली बसली होती, दाराशी जोडे दिसत असताना. भिंतीआड मास्तर श्वास धरून बसलाय हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती थांबली, की लाज वाटून तो आपणहून येईल. आणि आला नाही, तेव्हा पोराच्या मनातला मास्तर लहान होऊ नये म्हणून पोराशी खोटं बोलली, आणि त्याच मास्तराच्या दारात शेंगांचं गाठोडं ठेवून पायी घरी गेली. महादेवरावांना लाज वाटली. अशी, की अंगावरचं उपरणंही जड झालं. माफी मागायची तर कशाची, तिनं तर काही घडलंच नाही असं केलं होतं. ते उकरलं तर पोरासमोर तिचंच खोटं उघडं पडणार. तिनं त्यांची अब्रू झाकली होती आणि आता ते झाकण त्यांनाही काढून टाकता येत नव्हतं. पार्बताबाईनंही परवा जोडे पाहिले असतील. ओसरीवरच तर असतात. निंबापाशी ती थबकली होती ती त्यासाठीच. भगवंताचं नाव राहील, ते मनात म्हणाले, सगळ्यांची राहतील. साहेबासमोर भगवंता नसेल, आणि बसला तर त्याला वाचता येणार नाही, मागची अख्खी भिंत नापास होईल, साहेब तोंड वाकडं करील, जागा जाईल, जाऊ दे. भगवंता वेचणीहून आला की त्याला विचारीन, कुठवर आला होतास, आणि म्हणेन, म्हण पुढं. हे त्यांनी मनात म्हटलं, पण त्यानं शेषरावाची अक्षरं चिकटणार नव्हती, आणि हेही त्यांना कळत होतं.

"शेषरावाला अकोल्याला पाठवता का, बाई?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "माझ्या घरी राहील."

सत्यभामेनं पोराकडे पाहिलं. पोरानं मातीकडे पाहिलं, मग बैलांकडे. "आता थो कामाचा झाला, मास्तर," ती म्हणाली. "त्याचे दिवस गेले. पण धाकटा हाये नं, खुशाल. थो पहा तिकडे, ओळीत. त्याले लय नाद हाये, याच्याच जुन्या पाटीवर रेघा मारत बसते. वेचणी झाली का मी सोता त्याले घेऊन येईन अकोल्याले." ती उठली, ओटी सावरली, कामाला जायची घाई होती. मग थांबली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. लांबची वाट पायी यायची असली की माणूस आधी विचारून घेतो, तशी ती विचारत होती.

"तुमी असान नं मास्तर तवा?"

"असेन," महादेवराव म्हणाले, आणि डोळ्यांपुढं धुकं आल्यामुळं जोडे चाचपू लागले. जोडे समोरच होते. शेषरावानं ते धूळ झटकून, वाटेकडे तोंड करून, नीट जोडीनं लावून ठेवले होते.